एका झाडाची तीन नावे आणि अकरा महिन्यांचे घर

बदलापूर पूर्वेला भाड्याच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या आमच्या एका सहकारी प्राध्यापकांना काही महिन्यांपूर्वी घर सोडावे लागले. भाडे थकलेले नव्हते, करार संपलेला नव्हता, शेजाऱ्यांशी भांडण नव्हते. वहिनींना कर्करोग आहे. बदलापूर ते परळ अशा लोकलच्या खेपा करून केमोथेरपी चालू होती. अन्न पोटात ठरत नव्हते, रात्री झोप नव्हती. ओळखीच्या एका आयुर्वेद पदवीधर वैद्यांनी विजयेच्या पानांपासून बनविलेले तेल लिहून दिले. रोज रात्री जिभेखाली मोजके थेंब. औषध कुरियरने आले, चुकून रखवालदाराच्या टेबलावर राहिले, आणि वेष्टनावर छापलेले ते पाच-सात बोटांचे पान संध्याकाळपर्यंत इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर पोचले. त्याखाली एकच शब्द होता : ‘गांजा’.

घरमालक वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले, “सर, तुम्ही शिक्षक माणूस. तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण उद्या पोलीस आले तर त्यांना मी काय दाखवू?” आमच्या सहकाऱ्यांनी वैद्यांची चिठ्ठी दाखवली, बिल दाखवले, बाटलीवरचा परवाना क्रमांक दाखवला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कागद हातात घेतले आणि न वाचताच परत दिले. महिनाभराची नोटीस मिळाली. आता ते कुटुंब अंबरनाथला राहते. बाटली मात्र नव्या घरात आली नाही. “पुन्हा घर शोधायची ताकद नाही,” असे वहिनींनी सांगितले आणि उलट्या सहन करण्याचे ठरवले.

या प्रसंगात खलनायक शोधण्याचा मोह आम्ही टाळणार आहोत. तो सापडणे सोपे आहे आणि सापडून उपयोग नाही. आमचे म्हणणे वेगळे आणि अधिक कडू आहे. कायद्याने औषधासाठी जे दार किलकिले ठेवले आहे, ते स्वतःचे घर असलेल्यालाच उपयोगी पडते. भाडेकरूला ते बंद आहे. आणि ते बंद ठेवण्यात कायद्याच्या ढिलाईइतकाच आपल्या भाषेच्या आळसाचाही वाटा आहे. हा दुसरा भाग आमच्या व्यवसायाचा असल्यामुळे त्याबद्दल बोलणे आम्हांस भागच आहे.

झाड एकच. वैद्य त्याला विजया म्हणतो, शिवरात्रीला आणि होळीला आपण त्याला भांग म्हणतो, आणि वर्तमानपत्राच्या गुन्हेवार्तेत ते गांजा होते. ही तीन नावे समानार्थी आहेत असा समज दृढ आहे. तो चुकीचा आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने, म्हणजे ज्याला सगळे ‘एनडीपीएस’ म्हणून ओळखतात त्याने, गांजाची व्याख्या फुलोरा किंवा फळे धरलेले शेंडे अशी केली आहे. शेंड्यांबरोबर नसतील तर बिया आणि पाने या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेली आहेत. राळ म्हणजे चरस. त्याची गणना स्वतंत्र. म्हणजे झाडाचा कोणता भाग तुमच्या हातात आहे यावर तुम्ही रुग्ण की आरोपी हे ठरते. शिवाय याच कायद्याच्या व्याख्यांत झाडाच्या अर्काला किंवा टिंक्चरला ‘औषधी’ असे विशेषण लावून स्वतंत्र संज्ञा दिली आहे, आणि आठव्या कलमातील सरसकट मनाईला वैद्यकीय व शास्त्रीय कारणांचा अपवाद जोडला आहे. म्हणजे औषधाची कल्पना या कायद्याला परकी नाही. ती १९८५ पासून त्याच्या पोटात आहे आणि बहुतेक काळ तिथेच निजून राहिली आहे.

ही कल्पना आयुर्वेदाला तर मुळीच नवी नाही. शार्ङ्गधरसंहितेत ‘व्यवायी’ द्रव्यांची, म्हणजे पचण्याआधीच शरीरभर पसरणाऱ्या द्रव्यांची, उदाहरणे म्हणून भांग आणि अफू यांचीच नावे येतात. जातिफलादि चूर्णासारख्या जुन्या योगांत विजया आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या विषारी द्रव्यांच्या यादीत भांगेचा समावेश असून, ती घातलेले आयुर्वेदिक औषध वैद्यांच्या देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना वेष्टनावर असावी लागते. आज आयुष परवान्याखाली अशी औषधे चिठ्ठीवर उघड विकली जातात. आमच्या सहकाऱ्यांकडची बाटली त्यांपैकीच एक होती.

आपली परंपरा या शब्दाला घाबरत होती असेही नाही. बदलापूर-अंबरनाथच्या शेकडो घरांत दर गुरुवारी ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथाचे पारायण होते. काशीहून आलेल्या गोसाव्याने महाराजांपुढे गांजा ठेवल्याचा प्रसंग त्यात आहे, आणि दासगणूंनी तो लपविलेला नाही. महाराजांना व्यसनाचा लेप लागला नाही हेही आवर्जून सांगितले आहे. तेव्हा पदार्थ आणि व्यसन यांतला भेद आपल्या ओवीकाराला कळत होता. अंबरनाथ या गावाचे नावच शके ९८२ च्या, म्हणजे इसवी सन १०६० च्या, शिवमंदिरावरून पडले आहे. महाशिवरात्रीला तिथे लोटणाऱ्या गर्दीत भांगेचा उल्लेख कोणाला खटकत नाही. जो शब्द पोथीत आणि जत्रेत चालतो, तो जिन्यात ऐकू आला की भाडेकरार मोडतो. पावित्र्य आणि गुन्हा यांच्या मध्ये आजारपणाला आपण जागाच ठेवलेली नाही.

हे घडले कसे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १८३९ साली कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या वैद्यक अध्यापकाने धनुर्वात, संधिवात आणि आकडी यांवर या झाडाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले, आणि पाश्चात्त्य औषधशास्त्रात त्याचा प्रवेश झाला. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनने देशभरात हजारांहून अधिक साक्षी नोंदवून निष्कर्ष काढला की बेताच्या सेवनाने व्यवहारतः अपाय होत नाही, अतिरेकाने होतो, आणि संपूर्ण बंदीपेक्षा नियंत्रण बरे. हे मत परकीय सरकारच्या महसुलाला सोयीचे होते हे विसरून चालणार नाही. परंतु त्या अहवालाइतकी सविस्तर चौकशी या विषयावर नंतर स्वतंत्र भारतात झाली नाही हेही खरे. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर आपण सही केली, पारंपरिक सेवन थांबविण्यास पंचवीस वर्षांची मुदत घेतली, आणि ती संपत आली तेव्हा १९८५ चा कायदा आला. पुढे २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगात हे झाड सर्वाधिक कडक यादीतून काढावे का यावर मतदान झाले. ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी संमत झाला, आणि त्या सत्तावीस मतांत एक मत भारताचे होते. व्हिएन्नात आपले प्रतिनिधी या झाडाचा औषधी उपयोग मान्य करतात. बदलापुरात तो मान्य करण्याची यंत्रणा नाही.

येथे एका वेगळ्या टोळीचाही समाचार घेतला पाहिजे. या झाडाने कर्करोग बरा होतो, मधुमेह जातो, सारे काही मिटते, असे सांगणारे उत्साही लोक सध्या पुष्कळ झाले आहेत. त्यांनी रुग्णांचे नुकसानच केले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०१७ साली उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा भक्कम पुरावा तीन बाबतींत आढळला : प्रौढांमधील जुनाट वेदना, केमोथेरपीने होणारी मळमळ व उलट्या, आणि मल्टिपल स्क्लेरोसिसमधील स्नायूंचा ताठरपणा, तोही रुग्णांच्या स्वतःच्या सांगण्यानुसार. २०१८ मध्ये लहान मुलांतील दोन दुर्धर प्रकारच्या अपस्मारांवर कॅनाबिडिऑलचे औषध अमेरिकेत संमत झाले. याच आढाव्यात सेवन आणि मनोविकृती यांच्या संबंधाचा इशाराही आहे, आणि कोवळ्या वयात व वारंवार घेणाऱ्यांना हा धोका अधिक. म्हणजे हे औषध आहे. आणि औषध आहे म्हणूनच मात्रा, निषिद्धता आणि देखरेख त्याला लागू आहेत. उलटी थांबणे म्हणजे रोग जाणे नव्हे. पण ज्याने रात्रभर बादलीजवळ बसलेले माणूस पाहिले आहे तो उलटी थांबण्याला क्षुल्लक म्हणणार नाही.

आता घराकडे वळू. आमच्या या पट्ट्यात, उल्हासनगर ते बदलापूर, मुंबईत घर न परवडलेली माणसे राहतात. त्यांतील फार मोठा वर्ग भाड्याने राहतो, आणि कायद्याच्या भाषेत तो भाडेकरूही नसतो. तो ‘लायसेन्सी’ असतो. ‘लिव्ह अँड लायसन्स’ या अकरा महिन्यांच्या कागदाने त्याला घर मिळत नाही, घरात असण्याची परवानगी मिळते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या चोविसाव्या कलमाने मुदत संपताच त्याला बाहेर काढण्याची जलद व्यवस्था केली आहे. करारात बहुधा महिनाभराच्या नोटिशीचे कलम असते, आणि ‘जागेत कोणतेही बेकायदेशीर कृत्य करणार नाही’ हे वाक्य तर छापीलच असते. घरमालकाने भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते. या साऱ्यावर एनडीपीएसचे पंचविसावे कलम उभे आहे : आपल्या ताब्यातील घर, खोली किंवा जागा या कायद्याखालील गुन्ह्यासाठी जो जाणूनबुजून वापरू देतो, त्याला त्या गुन्ह्याचीच शिक्षा.

‘जाणूनबुजून’ या शब्दाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. जोवर घरमालकाला काही ठाऊक नाही तोवर तो सुरक्षित आहे. भाडेकरू प्रामाणिकपणे चिठ्ठी घेऊन त्याच्यासमोर गेला की तो ‘जाणणारा’ होतो. वैद्यांनी दिलेले पानांचे औषध या कायद्याच्या कक्षेत येत नाही, हे त्याला कोण सांगणार? पान आणि शेंडा यांतला फरक रसायनशाळेचा अहवाल येईपर्यंत पोलिसालाही सांगता येईलच असे नाही, आणि अर्क म्हटला की पुन्हा वेगळी व्याख्या. किलोभरापर्यंतचा गांजा ‘अल्प प्रमाण’ आणि त्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, एवढे तपशील माहीत असण्याची अपेक्षा निवृत्तीच्या पैशातून दोन खोल्या घेतलेल्या माणसाकडून कशी करणार? त्याची भीती अडाणीपणाची नाही. कायद्याने खरेपणाला लावलेल्या दंडाची ती भीती आहे. स्वतःच्या मालकीच्या सदनिकेत राहणारा रुग्ण कपाट बंद करून औषध घेतो आणि कोणाला उत्तर देत नाही. भाडेकरूला मात्र लपवावे तरी लागते किंवा निघून जावे तरी लागते. आजार एक, औषध एक, चिठ्ठी एक; फरक फक्त सातबाराचा.

नियमांचे हे सोवळे ज्या भूमीत पाळले जाते तिचा इतिहासही पाहावा. उल्हासनगर म्हणजे जुनी कल्याण छावणी. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांना लष्करी बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये वसाहतीला हे नाव मिळाले. घर गमावणे म्हणजे काय हे त्या पिढीने भोगले होते. पुढे त्या बराकींच्या जागी इतक्या अनधिकृत इमारती उठल्या की त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००६ साली खास उल्हासनगरपुरता कायदा करावा लागला. तो करणे आवश्यकच होते, कारण हजारो माणसे रस्त्यावर आली असती. आमचा प्रश्न एवढाच आहे की माणसाचे घर वाचावे म्हणून ज्या राज्याला आख्ख्या इमारतींकडे सहानुभूतीने पाहता आले, त्याला इमारतीतल्या एका आजारी बाईच्या बाटलीकडे तसे का पाहता येऊ नये?

आणखी एक विसंगती आमच्या राज्याची खास आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात विदेशी मद्य प्यायला परवाना लागतो, आणि तो परवाना दिला जातो प्रकृतीच्या रक्षणासाठी! म्हणजे या राज्यातला प्रत्येक परवानाधारक मद्यपी कागदोपत्री औषध घेत असतो. त्याच कायद्यात भांग मात्र मादक द्रव्य आहे. ज्याला कोणताही आजार नाही त्याला प्रकृतीच्या नावाने पेला मिळतो, आणि जिला खरोखर प्रकृतीचे कारण आहे तिला सांगण्यासाठी कागद नाही. आमच्या सहकाऱ्यांच्या त्याच इमारतीत शनिवारी रात्री बाटल्या उघडतात. त्यांच्यावरून कोणाचा करार मोडल्याचे ऐकिवात नाही.

यावर येणारे आक्षेप आम्ही जाणतो. पहिला शेजाऱ्यांचा. दोन खोल्यांच्या घरातून निघालेला धूर जिन्यात, शेजारच्या पाळण्यापर्यंत जातो. हा आक्षेप पूर्ण ग्राह्य आहे. चिलीम ओढणे हे औषधोपचार नव्हे, आणि आम्ही तिची वकिली करीत नाही. तेल, गोळी, चूर्ण यांना धूर नाही. दुसरा आक्षेप असा की औषधाच्या नावाखाली व्यसनी सुटतील. काही प्रयत्न करतील, यात शंका नाही. पण या युक्तिवादाची किंमत आपण एकदा मोजली आहे. मॉर्फिनचा इतिहास आठवावा. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांचे इतके जंजाळ झाले की पुढच्या दशकभरात देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. ज्या देशात अफू पिकते त्याच देशात कर्करोगाचे रुग्ण वेदनेने ओरडत मेले. डॉ. एम. आर. राजगोपाल यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे झगडल्यावर २०१४ मध्ये कायदा सुधारला आणि आवश्यक औषधांसाठी देशभर एकसारखी पद्धत आली. व्यसनी सुटू नये म्हणून रुग्णाला बांधून ठेवायचे, हा प्रयोग झाला आहे आणि फसला आहे. तो पुन्हा करण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे ‘आधी कायदा होऊ द्या, घराचे पुढे पाहू’. याचे उत्तर अमेरिकेने दिले आहे. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये वैद्यकीय वापर मान्य केला, आणि मग एकामागून एक राज्ये आली. पण केंद्राचा कायदा बदलला नाही. परिणामी केंद्राच्या अनुदानावरील घरांत राहणाऱ्या गरीब, वृद्ध, अपंग भाडेकरूंना राज्याने दिलेले रुग्णपत्र हातात असूनही घर गमावण्याची भीती राहिली. औषध कायदेशीर आणि घर बेकायदेशीर, अशी ही त्रिशंकू अवस्था. घराचा विचार पहिल्या दिवशी केला नाही तर औषध फक्त घरवाल्यांचे होते, हा त्याचा धडा आहे.

तेव्हा मागणे काय? एनडीपीएसच्या दहाव्या कलमाने राज्यांना या विषयात नियम करण्याचा अधिकार दिला आहे. उत्तराखंडने शेतीसाठी तो वापरला. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी २०२५ मध्ये लागवडीच्या पथदर्शी अभ्यासास मान्यता दिली. महाराष्ट्राने तो रुग्णांसाठी वापरावा. नोंदणीकृत डॉक्टर किंवा वैद्य यांच्या शिफारशीवर मुदतीचे रुग्णपत्र द्यावे, मात्रा व प्रकार त्यावर लिहावा. केंद्राने पंचविसाव्या कलमात एवढेच स्पष्ट करावे की असे पत्र असणाऱ्यास घर देणारा मालक गुन्हेगार नाही. आणि यातले काहीही होण्याआधी, उद्यापासून, अकरा महिन्यांच्या छापील करारात एक वाक्य घालता येईल : ‘नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाच्या चिठ्ठीवर परवानाधारक विक्रेत्याकडून घेतलेले औषध जवळ बाळगणे वा घेणे हा या कराराचा भंग समजला जाणार नाही.’ त्यात झाडाचे नाव घेण्याचीही गरज नाही. या वाक्याने गुन्हा औषध ठरणार नाही. परंतु जे औषधच आहे त्याला निदान घरापुरता गुन्हा ठरवता येणार नाही.

राहिला आमचा वाटा. आम्ही वर्गात विद्यार्थ्यांना सांगतो की पूर्णपणे समानार्थी असे दोन शब्द भाषेत नसतात. परीक्षेत त्यावर टिपाही लिहून घेतो. पण ‘विजया’, ‘भांग’ आणि ‘गांजा’ यांची गल्लत करून वर्तमानपत्रे मथळे देतात, वाहिन्या ‘नशेचा अड्डा’ म्हणून ओरडतात, आणि त्या भाषेत इमारतीच्या गटावर एका आजारी बाईचा निवाडा होतो, तेव्हा आम्ही भाषेचे शिक्षक तो वाचून पुढे सरकतो. त्या दिवशी त्या गटावर मराठीचे दोन एम.ए. होते. दोघांपैकी एकानेही ‘हा गांजा नाही, हे औषध आहे’ एवढे एक वाक्य लिहिले नाही. त्या दोघांपैकी एक आम्ही होतो.

‘रंजलेगांजले’ हा शब्द आम्ही व्याख्यानांत फार सैलपणे वापरतो. गांजलेला माणूस बहुधा दूर कुठेतरी असतो, अभंगात किंवा कादंबरीत. या वेळी तो तिसऱ्या मजल्यावर होता, आणि त्याच्यासाठी जे करायचे होते ते एवढेच, की एका वस्तूला तिच्या खऱ्या नावाने हाक मारायची. ते न केल्याबद्दल वहिनींची क्षमा मागण्याचा दुसरा मार्ग न सुचल्यामुळे हा लेख लिहिला आहे. ज्यांना तो पटेल त्यांनी आपल्या इमारतीच्या पुढच्या सभेत करारातील त्या एका वाक्याचा विषय काढावा. आम्ही आमच्या इमारतीत काढणार आहोत.